दोन खुणा निलगिरी तेल

आमच्या घरात फिनाइलच्या बाटलीलासुद्धा डोस होते. माझे सासरे, म्हणजे बाबा, उभा जन्म रत्नागिरीतल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. लाल औषध, पांढरं औषध, पोटाचं औषध, सगळं त्यांच्या हातचं. त्या काळी औषधाच्या बाटलीला कागदाची पट्टी चिकटवायचे. लांबट कागद घ्यायचा, घड्या घालायच्या, कात्रीनं कोपरे छाटायचे, उलगडला की एकसारखे कंगोरे तयार. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत एक डोस. पुढे डॉक्टर गेले, दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, पण बाबांच्या हातातली कात्री काही सुटली नाही. घरात रिकामी बाटली दिसली की ती धुवायची, उन्हात उपडी घालायची आणि खळ लावून पट्टी चिकटवायची. कोकमाच्या आगळाला पट्टी, खोबरेलाला पट्टी, तसंच फिनाइललाही.

पट्टी असायची, नाव मात्र कुठेच नसायचं. बाटलीवर नाव लिहिणं हे त्यांच्या मते शिकाऊ माणसाचं लक्षण. मी एकदा चिकटपट्टीवर ‘एरंडेल’ असं लिहून डकवलं, तर दुसऱ्या दिवशी ती चिकटपट्टी माझ्या पोळपाटावर चिकटवलेली सापडली. “बूच उघडलं की कळतं गो,” एवढंच म्हणाले. मी तडकाफडकी बोलणारी बाई आहे, पण त्यांच्या औषधांच्या बाबतीत मी पंचवीस वर्षं तोंड मिटून होते. पडवीतलं लाकडी कपाट म्हणजे त्यांचा दवाखाना. त्याला मी वर्षातून एकदाच हात लावायची, गणपतीच्या आधी घर झाडूनपुसून काढताना.

माझं स्वतःचं राज्य स्वयंपाकघरात. मी डबे देते. बँकेतली एकटी राहणारी माणसं, कॉलेजात शिकवणारे दोघेतिघे आणि सरकारी रुग्णालयात नव्यानं लागलेली एक डॉक्टर मुलगी, सोलापूरकडची. तिची माझ्या डब्याबद्दल एकच तक्रार, की काकू तुम्ही सगळ्यात नारळ घालता. मी तिला सांगितलं, तू रत्नागिरीत नोकरी घेतलीस, मी सोलापुरात नाही.

तर गोष्ट अनंत चतुर्दशीनंतरची. श्रावणापासून आमच्याकडे मासे बंद असतात. एवढे दिवस वरणभातावर काढले की माणसाचा धीर सुटतो, बाबांचा तर फारच. मी बाजारातून बांगडे आणले, तिरफळं घालून आमटी केली आणि चार तळले. नवरा कामासाठी चिपळूणला गेला होता, त्यामुळे त्याच्या वाटचे दोनही बाबांनीच घेतले. वरून सोलकढीच्या तीन वाट्या. “जरा जास्त झालं,” असं म्हणत ते पडवीत गेले. जास्त झालं की ते ओव्याचा अर्क घेतात, कोमट पाण्यात दोन चमचे, एका दमात. चमचा वगैरे वापरत नाहीत, पट्टीच्या खुणेनंच ओततात.

मी डबे घासत होते. मागे वळले तर बाबा दारात उभे, हात गळ्यावर.

“अर्क फारच जळजळीत झालाय या खेपेला,” म्हणाले.

मला ते बोलायच्या आधीच वास आला. सगळ्या पडवीत निलगिरीचा भपकारा सुटला होता. मी ओल्या हातांनीच धावले. कपाटासमोरच्या स्टुलावर पेला होता आणि शेजारी बाटली, बूच काढलेली. ओव्याच्या अर्काची नव्हे, निलगिरी तेलाची. पावसाळ्यात वाफाऱ्यासाठी ते मोठी बाटली आणून छोट्या बाटलीत भरून ठेवत, आणि छोटीला अर्थातच पट्टी.

“बाबा, निलगिरी प्यायलात तुम्ही.”

“छे.”

मी बाटली त्यांच्या नाकाशी धरली. त्यांनी हुंगल्यासारखं केलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, “हां. निलगिरीच.”

दुसऱ्या क्षणी त्यांच्यातला कंपाउंडर जागा झाला. घाबरले मुळीच नाहीत. खुर्चीत बसले आणि मला हुकूम सोडू लागले. कोमट पाणी आण, मूठभर मीठ घाल, दोन पेले पितो आणि घशात बोटं घालतो, पाच मिनिटांत सगळं बाहेर. पंचवीस वर्षांची सवय, मी पाणी आणलं, मीठ घातलं आणि ढवळायलाही लागले. ढवळता ढवळता ओट्यावर डॉक्टर मुलीचा रिकामा डबा दिसला. काय वाटलं कोण जाणे, मी एका हातानं ढवळत दुसऱ्या हातानं तिला फोन लावला.

तिनं तीन गोष्टी विचारल्या. काय प्यायले, कधी आणि किती. पहिल्या दोनांची उत्तरं मला माहीत होती. तिसरं मी बाबांना विचारलं.

“जिभेला लागलं तेवढंच,” बाबा म्हणाले. “थेंबभर.”

मी तेच फोनवर सांगितलं आणि मिठाच्या पाण्याचंही सांगितलं. तिकडून तिचा आवाज एकदम करडा झाला. “काकू, उलटी करवायची नाही. अजिबात नाही. तेल वर येताना छातीत उतरलं तर ते पोटातल्यापेक्षा वाईट. दूध, तूप, तेल काही देऊ नका. नुसती चूळ भरू द्या. बसवून ठेवा, झोप यायला लागली तर कुशीवर निजवा. आणि बाटली घेऊन लगेच निघा. आत्ता बरे दिसत असले तरी घरी बसून वाट बघू नका.”

मी फोन ठेवला आणि बाबांना सांगितलं.

“तुला कोणी सांगितलंन हे? त्या पोरीनं?” बाबा म्हणाले. “तिचा जन्म नव्हता झाला तेव्हापासून मी लोकांना उलट्या करवतोय. आण तो पेला.”

त्यांनी हात पुढे केला. मी पेल्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि सगळं पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत मोरीत ओतलं. त्यांच्या औषधाला मी पहिल्यांदाच नाही म्हणत होते. 

आमचे आवाज ऐकून शेजारच्या भाभी गडग्यापाशी आल्या. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा आहे आणि आमची सगळी देवाणघेवाण त्याच्यावरून चालते. त्यांचे यजमान कुवेतला असतात. काय झालं ते मी दोन वाक्यांत सांगितलं, तर भाभी आत जाऊन दुधाचा भरलेला टोप घेऊनच आल्या.

“आधी दूध पाजा, ताई. विषाला दूध.”

“नको, भाभी. डॉक्टर नको म्हणाली. काहीच द्यायचं नाही.”

भाभींचा हा गुण मला फार आवडतो, की त्या दुसऱ्यांदा विचारत नाहीत. टोप गडग्यावर ठेवला, आत गेल्या आणि गाडीची किल्ली घेऊन आल्या. यजमान वर्षातून एक महिना येतात, अकरा महिने गाडी नुसती उभी राहते, म्हणून या बाईनं पन्नाशीत गाडी चालवायला शिकून घेतलंन. तेव्हा आळीत सगळे हसले होते, मीही हसले होते.

निघताना मी बाटली उचलली आणि उजेडात धरली. गणपतीच्या आधी कपाट पुसताना मी ती अशीच उजेडात धरून पुसली होती, तेव्हा तेल अगदी वरच्या खुणेला लागलेलं होतं. त्यानंतर कोणाला सर्दी झाली नव्हती. आता तेल दोन खुणा खाली होतं. आणखीही एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. कपाटात जिथून निलगिरी काढली होती ती रिकामी जागा अर्काच्या कप्प्यात होती. अर्काची बाटली खाली, निलगिरीच्या जागी, बामाच्या डबीशेजारी. म्हणजे पुसताना मीच त्यांची अदलाबदल केली होती.  बाटली पदरात गुंडाळली आणि गाडीत बसले.

गाडीत पहिली पाच मिनिटं बाबा भाभींना गिअर कसे टाकावेत ते सांगत होते. मग बोलणं मंदावलं. मान खिडकीला टेकली. मी त्यांना हलवलं, तर “हो हो, जागाच आहे,” म्हणाले, पण शब्द जड येत होते. त्यांना जागं ठेवायचं म्हणून मी विचारलं, “बाबा, पोटाच्या औषधात काय काय घालायचात?”

“सोडा,” बाबा म्हणाले. “पेपरमिंट. सुंठीचा अर्क. वेलदोड्याचा...” तिथे थांबले. मग पुन्हा पहिल्यापासून, “सोडा. पेपरमिंट.” तिसऱ्यांदा ते सोड्यावरच अडकले.

घाबरले की मला राग येतो, हा माझा जुना दोष. मी त्यांच्यावर खेकसले, “पुढचं सांगा ना, चाळीस वर्षं काय केलंत मग?” भाभींनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि गाडीचा वेग वाढवला.

रुग्णालयाच्या दारात उतरताना बाबांचे पाय नीट पडेनात. आम्ही दोघींनी धरून आत नेलं. डॉक्टर मुलगी वाटच बघत होती. जेमतेम माझ्या खांद्याएवढी, पण तिथे तिचा रुबाब वेगळाच होता. तिनं नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि वाकून विचारलं, “आजोबा, किती घेतलं?”

“थेंब,” बाबा म्हणाले. “अर्धा थेंब.”

“दोन चमचे,” मी म्हणाले.

बाबांनी डोळे उघडले. गुंगीतही त्यांना राग यायचा तो आलाच. “तू होतीस तिथे?”

मी पदरातून बाटली काढून मुलीच्या हातात दिली. तिनं असली पट्टी जन्मात बघितली नव्हती. मी बोटानं दाखवलं, “ही वरची खूण, इथपर्यंत तेल होतं, मी स्वतः बघितलंय. आता इथे आहे. एक खूण म्हणजे एक चमचा. यांचं माप चुकत नाही.”

तिनं बाटली बघितली, बाबांकडे बघितलं. बाबांनी मान भिंतीकडे फिरवली. स्वतःच्या हातानं कापलेला कागद त्यांच्याविरुद्ध बोलत होता, त्याला ते काय उत्तर देणार. मला त्यांची कीव आली आणि तेवढीच चीडही. जीव जायची वेळ आली तरी हा माणूस चुकलो म्हणायला तयार नाही, असं मला वाटलं.

“बरं झालं सांगितलंत,” मुलगी म्हणाली, आणि मग तिथली सगळी माणसं भराभरा हलू लागली. “पण आजोबा, वास नाही का आला? निलगिरीचा वास तर दुसऱ्या खोलीत जातो.”

“घाईत होतो,” बाबा भिंतीला म्हणाले.

सलाईन लावलं, नाकावर ऑक्सिजन चढवला, छातीला वायरी चिकटवल्या. तासभर ते हाकेला ओ देत होते. मग झोप वाढत गेली. दर थोड्या वेळानं मुलगी येऊन त्यांना जोरात हाक मारायची, कानाची पाळी दाबायची. ते कण्हायचे, ती काहीतरी लिहून जायची. एकदा ती पलीकडच्या रोग्याकडे असताना मी हाक मारली तर ते कण्हलेही नाहीत. मी पुन्हा हाक मारली. मग मी ओरडलेच. ती धावत आली, तिनं छातीवर बोटं रगडली तेव्हा कुठे त्यांनी हात हलवला. त्या एवढ्याशा वेळात मला काय वाटलं ते मी नवऱ्यालाही नीट सांगितलेलं नाही. मी डब्यांचा धंदा काढायचा म्हटलं तेव्हा घरात सगळे नको म्हणाले होते. खानावळवाली म्हणतील, असं नवराही म्हणाला होता.  बाबांनी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढली आणि पहिले चार डबे हँडलला अडकवून स्वतः पोचवून आले. पहिलं वर्षभर पोचवले. हा माणूस मला हवा होता, खोटं बोलणारा, हट्टी, कसाही. मी देवाला एवढंच सांगत होते.

दिवेलागणीच्या सुमाराला त्यांनी डोळे उघडले. बराच वेळ वर बाटलीकडे बघत राहिले आणि म्हणाले, “सलाईन फार जोरात सोडलंन हिनं.”

मी हसले आणि मग मला रडू आलं. भाभी माझ्यासाठी चहा घेऊन आल्या होत्या, तो त्यांनीच प्यायला. थोड्या वेळानं नवरा चिपळूणहून पोचला आणि सगळं निभावून गेल्यावर येतोस म्हणून माझी बोलणी खाऊन घेतलीन.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी सोडलं. सोडताना मुलीनं मला सांगितलं, आणि बाबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, की काकू, ते मिठाचं पाणी तुम्ही ओतून दिलंत ते फार बरं केलंत. एवढी गुंगी येणार होती, त्यात उलटी झाली असती तर तेल छातीत जायला वेळ लागला नसता. बाबा चपला शोधत होते. त्यांना त्या पायांतच असताना सापडेनात.

त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवले, औषधं घेतली, भाभींना गडग्यावरून गाडीबद्दल दोन शब्द चांगले बोलले. माझ्याशी नाही. मीही बोलले नाही. मला वाटलं, चारचौघांत खोटं पाडलं म्हणून रुसलेत. आणि माझ्या मनात माझं स्वतःचं लपवलेलं सलत होतंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी डब्यांची आमटी करत होते. बाबा येऊन स्वयंपाकघरातल्या पाटावर बसले. मी वळले नाही. वळले असते तर माझ्याच्यानं बोलवलं नसतं.

“बाबा, गणपतीच्या आधी कपाट मी पुसलं. दोन बाटल्यांच्या जागा माझ्या हातून बदलल्या. तुमचं सगळ्यांसमोर उघडं केलं आणि माझं झाकून ठेवलं.”

 बाबा म्हणाले, “जागा काय, बदलायच्याच. दवाखान्यात झाडणारी बाई रोज बाटल्या इकडच्या तिकडे करायची. एकदाही माझ्या हातून चुकीचं औषध गेलं नाही.”

“मग या वेळी कसं गेलं?”

 आमटीला कढ आला, मी गॅस बारीक केला.

“मला वास येत नाही गो,” बाबा म्हणाले.

“सर्दी आहे का?”

“दोन वर्षं झाली. तो मोठा ताप आला होता, त्यात गेला. परत आलाच नाही.”

मी वळून बघितलं. दोन वर्षं. डबे भरायच्या आधी रोज सकाळी हा माणूस याच पाटावर येऊन बसायचा आणि सांगायचा, आज फोडणी खमंग बसल्ये, आज कोथिंबीर ताजी दिसत्ये, आज तिरफळं थोडी जास्त पडली. आणि मी त्यावर खूश होऊन दिवसभर राबायची.

“मग रोज मला येऊन सांगता ते काय?”

“आधी कचऱ्याच्या डब्यात बघून येतो,” बाबा म्हणाले, अगदी सरळ, औषधाची कृती सांगावी तसं. “लसणीची सालं, कोथिंबिरीच्या काड्या. तिरफळं कुटतेस तेव्हा खलबत्त्याचा आवाज वेगळा येतो. बाकीचं तुझ्या तोंडावरून. मनासारखं जमलेलं असलं की तू गुणगुणतेस.”

“सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं असतं तर कपाटाला हात लावू दिला असतास मला?”

“नसता दिला.”

“आणि इथे बसू दिलं असतंस? चव सांगायला?”

 खरं उत्तर नाही असंच होतं. बसा म्हटलं असतं, चहा दिला असता, पण विचारलं नसतं.

“नावं लिहून टाक बाटल्यांवर,” ते म्हणाले. “मोठ्या अक्षरात लिही. पोटात घ्यायच्या वर आणि बाहेरून लावायच्या खाली, वेगळ्या डब्यात. पट्ट्या मात्र राहू देत.”

“राहू देत,” मी म्हणाले. मग डाव बुडवून आमटी काढली, फुंकर मारली आणि नेहमीसारखी त्यांच्या तळहातावर घातली. त्यांनी जीभ लावली, डोळे मिटले, पुन्हा एकदा लावली.

“मीठ कमी आहे,” बाबा म्हणाले.

मी चाखून बघितलं. मीठ खरंच कमी होतं.